वाचक विचारतात : चर्चच्या अंगणातली रक्तदाब तपासणी

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय परिचारिकांच्या एका स्थानिक संघटनेबरोबर आरोग्य मेळाव्यात काम केल्याचा ओझरता उल्लेख केला होता. त्या दोन ओळींवर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यायचे ठरवले. पत्रे बहुतेक अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांची आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले असून नावे कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या घराजवळ एक चर्च आहे. तिथल्या अंगणात एका शनिवारी कृष्णवर्णीय परिचारिकांच्या स्थानिक संघटनेने तपासणी ठेवली होती. भारतातून आलेल्या माझ्या सासूबाई फिरायला निघाल्या होत्या. तिथल्या बाईंनी त्यांना आग्रहाने खुर्चीवर बसवले आणि रक्तदाब मोजला. तो १६८/९४ निघाला. त्यांनी तो एका कागदावर लिहून दिला आणि डॉक्टरांना दाखवायला सांगितले. माझे यजमान म्हणतात, की तो त्यांच्या समाजासाठीचा कार्यक्रम होता, आपण तिथे जायलाच नको होते. खरे काय? आणि या आकड्याचे आम्ही काय करावे? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : यजमानांना निश्चिंत राहायला सांगा. संघटनेच्या नावात समाजाचे नाव असले तरी अंगणात मांडलेली खुर्ची येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी असते, आणि सासूबाईंना आग्रहाने बसवणाऱ्या बाईंच्या मनात तसा काही भेद असता तर त्यांनी आग्रह केलाच नसता. अशा ठिकाणी काम करणाऱ्या परिचारिका आठवडाभर रुग्णालयात पाळ्या करून सुटीच्या दिवशी स्वेच्छेने आलेल्या असतात. समोरून थकलेले पाऊल टाकत येणारी साठीची बाई दिसली की त्यांचा हात आपोआप रक्तदाब मोजायच्या पट्ट्याकडे जातो.

आता आकड्याविषयी. एकदाच मोजलेल्या रक्तदाबावरून कोणाला रोगी ठरवता येत नाही. पण १६८/९४ हा सोडून देण्यासारखा आकडाही नव्हे. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० किंवा त्याहून अधिक रक्तदाब सातत्याने आढळला तर तो वाढलेला मानतात. दंडावर बांधायचे यंत्र घरी आणा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून तारखेसह लिहून ठेवा. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे गप्प बसावे, पाठ टेकलेली आणि पाय जमिनीवर असावेत, पायावर पाय टाकू नये, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवावा, आणि मोजणी चालू असताना बोलू नये. शेवटची अट आपल्या घरांत सर्वांत अवघड जाते. आकडा १८०/१२० च्या वर गेला तर थोडे थांबून पुन्हा मोजावा. तेवढाच आला आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, हातापायातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे किंवा दृष्टी अंधुक होणे यांपैकी काही असेल तर ९११ ला फोन करावा. तसे काहीच नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

पाहुणे म्हणून आलेल्या ज्येष्ठांच्या विम्यात जुन्या दुखण्यांचा खर्च बहुधा वगळलेला असतो. म्हणून पॉलिसी आधी वाचा. जवळपास सरकारी अनुदानावर चालणारे सामुदायिक आरोग्य केंद्र असेल तर तिथे उत्पन्नाच्या मानाने शुल्क घेतात आणि पैसे नाहीत म्हणून कोणाला परत पाठवत नाहीत. अशी केंद्रे १९६५ पासून या देशात आहेत. पहिल्या दोहोंपैकी एक बॉस्टनमध्ये आणि दुसरे मिसिसिपीतल्या माउंड बायू या कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावी उभे राहिले. त्या बाईंनी दिलेला कागद टाकून देऊ नका. डॉक्टरांसमोर तो पहिला पुरावा आहे.

प्रश्न : अमेरिकेत परिचारिकांची मोठी राष्ट्रीय संघटना असताना कृष्णवर्णीय परिचारिकांची वेगळी संघटना कशासाठी? यातून दुरावा वाढत नाही का? (एक वाचक, टेक्सास)

उत्तर : हा प्रश्न तीन पत्रांत आला आहे, आणि तिन्ही पत्रांत थोडी नाराजी आहे. तिला उत्तर देण्यापूर्वी इतिहास सांगावा लागेल, कारण वेगळे होण्याचा निर्णय मुळात कृष्णवर्णीय परिचारिकांनी घेतलेलाच नव्हता.

मेरी एलायझा महोनी १८७९ मध्ये बॉस्टनच्या एका रुग्णालयाच्या प्रशिक्षणशाळेतून उत्तीर्ण झाल्या. अमेरिकेतल्या पहिल्या रीतसर प्रशिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका त्या मानल्या जातात. त्यांच्यानंतर शिकणाऱ्या मुली वाढल्या. पण बहुतेक प्रशिक्षणशाळा त्यांना प्रवेश देत नव्हत्या आणि बहुतेक रुग्णालये नोकरी देत नव्हती, म्हणून शिकागोचे प्रॉव्हिडंट, वॉशिंग्टनचे फ्रीडमेन्स, न्यू यॉर्कचे लिंकन अशा मोजक्या संस्थांवरच त्यांचा सारा भार होता. १९०८ मध्ये मार्था मिनर्व्हा फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने न्यू यॉर्कमध्ये ५२ परिचारिका जमल्या आणि कृष्णवर्णीय पदवीधर परिचारिकांची पहिली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढच्या वर्षी बॉस्टनला तिचे पहिले अधिवेशन भरले आणि स्वागताचे भाषण महोनींनी केले.

अमेरिकन नर्सेस असोसिएशन ही मोठी संघटना तेव्हाही होती. परंतु १९१६ नंतर तिचे सभासदत्व राज्य संघटनेमार्फतच मिळू लागले आणि दक्षिणेकडील राज्य संघटना कृष्णवर्णीयांना घेतच नसत. म्हणजे राष्ट्रीय संघटनेने नियमात रंगाचा उल्लेखही केला नाही आणि तरी दार बंद झाले. ज्यांना कार्यालयातल्या कागदांची भाषा कळते त्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली हकीकत मला सर्वांत बोलकी वाटते. अमेरिकी लष्कराने १९४१ मध्ये कृष्णवर्णीय परिचारिकांसाठी ५६ जागांची मर्यादा घातली होती आणि नौदलात त्यांना प्रवेशच नव्हता. जानेवारी १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी परिचारिकांचा तुटवडा आहे म्हणून त्यांची सक्तीने भरती करण्याचा प्रस्ताव मांडला. त्या वेळी मेबल स्टॉपर्स या कृष्णवर्णीय परिचारिकांच्या संघटनेचे काम पाहत होत्या. तुटवडा एवढाच असेल तर सेवेला तयार असलेल्या हजारो कृष्णवर्णीय परिचारिकांना का घेत नाही, असा साधा प्रश्न त्यांनी जाहीरपणे विचारला आणि देशभरातून सरकारकडे तारांचा पाऊस पडला. त्याच महिन्यात लष्कर आणि नौदल दोघांनीही भरतीतला भेद उठवला. १९४८ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशननेही राज्य संघटनेला वळसा घालून थेट सभासद होण्याची वाट मोकळी केली. मग १९५१ मध्ये फ्रँकलिन यांनी सुरू केलेली जुनी संघटना स्वतःहून विसर्जित झाली. ज्या कामासाठी ती उभी राहिली होती ते झाले, अशी तिची धारणा होती.

आपला दुराव्याचा मुद्दा इथेच तपासून पाहता येतो, कारण एकत्र येण्याचा प्रयोग त्यांनी खरोखर करून पाहिला आणि त्याला वीस वर्षे दिली. त्या वीस वर्षांत मोठ्या संघटनेच्या नेतृत्वात कृष्णवर्णीय परिचारिका फारशा दिसल्या नाहीत आणि त्यांच्या वस्त्यांतल्या आरोग्याचे प्रश्न विषयपत्रिकेवर तळालाच राहिले. अखेर १९७१ मध्ये नॅशनल ब्लॅक नर्सेस असोसिएशन स्थापन झाली. तिच्या पहिल्या अध्यक्षा लॉरॅन सॅम्स या टस्कीगीच्या नर्सिंग महाविद्यालयाच्या अधिष्ठाता म्हणूनही ओळखल्या जातात. आज देशभरातल्या शहरांमध्ये तिच्या शाखा आहेत. त्यांच्या सभासदांपैकी अनेक जणी अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्याही सभासद असतात आणि त्यात कोणालाच विसंगती वाटत नाही. आपण महाराष्ट्र मंडळाची वर्गणी भरतो म्हणून गावाच्या नगरपालिकेशी आपले वैर असते असे नाही.

प्रश्न : रक्तदाब तपासायला चर्च किंवा न्हाव्याचे दुकान कशाला हवे? प्रत्येक औषधाच्या दुकानात यंत्र असते. आणि अशा मेळाव्यांचा खरोखर काही उपयोग होतो, की केवळ छायाचित्रे निघतात? (एक निवृत्त अभियंता, कॅलिफोर्निया)

उत्तर : छायाचित्रे निघतात हे खरे आहे. माझीही निघाली आहेत.

आपण कॅलिफोर्नियात आहात म्हणून आपल्याच राज्यातले उदाहरण देते. लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीय पुरुषांच्या ५२ केशकर्तनालयांत एक अभ्यास केला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वाढलेला रक्तदाब असलेले ३१९ नियमित गिऱ्हाईक त्यात होते. जवळपास निम्म्या दुकानांत न्हाव्याने गिऱ्हाइकाला रक्तदाबाविषयी समजावून डॉक्टरांकडे जायला सांगायचे, एवढेच होते. उरलेल्या दुकानांत खास प्रशिक्षण घेतलेले औषधतज्ज्ञ स्वतः येत, मोजणी करत आणि गिऱ्हाइकाच्या डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार तिथेच औषध ठरवत. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी पाऱ्याच्या सुमारे ९ मिलिमीटरने उतरला होता आणि दुसऱ्या गटाचा २७ मिलिमीटरने. दुसऱ्या गटातले जवळपास ६४ टक्के लोक १३०/८० च्या खाली आले. पहिल्या गटात हे प्रमाण १२ टक्क्यांच्याही आत राहिले.

या अभ्यासाचे कौतुक करताना लोक न्हाव्याच्या खुर्चीचे कौतुक करतात आणि दुसरा अर्धा भाग विसरतात. खुर्ची दोन्ही गटांत होती. फरक पडला तो त्या खुर्चीपर्यंत उपचार चालत आले म्हणून. ओळखीची जागा माणसाला बसायला लावते, पण बसलेल्या माणसाला नुसता आकडा हातात देऊन पाठवले तर काम अर्धवट राहते. परिचारिकांच्या संघटनांचे मेळावे मी याच कसोटीवर पाहते. ज्या मेळाव्यात किती जणांना तपासले याची संख्या मोठ्या अभिमानाने सांगतात आणि त्यांतले किती जण पुढे डॉक्टरांपर्यंत पोहोचले हे कोणालाच ठाऊक नसते, तो मेळावा मला अपुरा वाटतो. या कसोटीला बरेच मेळावे उतरत नाहीत, हे मी त्यांच्या बाजूची असूनही सांगते. अभ्यासात औषध देणारे औषधतज्ज्ञ होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मेळाव्यातल्या नोंदणीकृत परिचारिकेला औषध लिहून देता येत नाही. प्रगत शिक्षण घेतलेल्या नर्स प्रॅक्टिशनरला देता येते, पण त्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत.

चर्चचे कारण थोडे निराळे आहे. गुलामगिरीच्या काळापासून कृष्णवर्णीय समाजाला स्वतःच्या ताब्यातली म्हणता येईल अशी जागा चर्चच होती. शाळा तिथे भरल्या, मतदार नोंदणी तिथे झाली, नागरी हक्कांच्या सभा तिथेच झाल्या. अनेक कृष्णवर्णीय चर्चांमध्ये आजही पांढऱ्या गणवेशातल्या बायका प्रार्थनेच्या वेळी कडेला उभ्या असतात. कोणाला भोवळ आली तर पंखा घालतात, पाणी देतात. त्यांतल्या सगळ्याच परवानाधारक परिचारिका असतात असे नाही, पण अंगात पांढरा गणवेश असलेली बाई आपल्यातली आहे, हे त्या समाजाला लहानपणापासून दिसत आलेले असते. औषधाच्या दुकानातल्या कोपऱ्यातले यंत्र कोणाला त्याच्या मुलाबाळांची विचारपूस करत नाही.

त्या यंत्राचा आणखी एक दोष मला स्वतःच्या चुकीतून कळला. माझ्या पहिल्याच मेळाव्यात एका आडव्या बांध्याच्या गृहस्थांचा रक्तदाब मी मोजला आणि आकडा पाहून घाबरून गेले. शेजारच्या वयस्क परिचारिकेने मला काहीही न बोलता पट्टा सोडला, पेटीतून मोठा पट्टा काढला, त्यांना पाच मिनिटे बसवले, आज कोणाबरोबर आलात म्हणून विचारले, आणि मग पुन्हा मोजले. आकडा बराच खाली आला. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला तर रक्तदाब खोटा वाढलेला दिसतो. ज्यांना खूप मोठा पट्टा हवा त्यांना नेहमीचा पट्टा लावला तर वरचा आकडा जवळपास २० मिलिमीटरने जास्त येतो, असे पुढे एका अभ्यासातही दिसले. दुकानातल्या यंत्राला बहुधा एकच पट्टा असतो. आपण स्वतः कुठेही मोजून घेणार असाल तर आधी पट्ट्याकडे पाहा.

प्रश्न : माझे कृष्णवर्णीय शेजारी अत्यंत सुशिक्षित आहेत. तरीही सरकारी आरोग्य मोहिमा, विशेषतः लशी, म्हटल्या की ते सावध होतात आणि ‘टस्कीगी’ असा एकच शब्द उच्चारतात. हे काय प्रकरण आहे? (एक वाचक, जॉर्जिया)

उत्तर : टस्कीगी हे अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीतले गाव. त्या काउंटीत १९३२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, २०१ जणांना नव्हता. उपचार न केल्यास हा रोग कसा वाढत जातो हे पाहायचे होते. त्या माणसांना खरे निदान सांगितले गेले नाही. ‘बॅड ब्लड’ म्हणजे रक्त बिघडले आहे, त्यावर मोफत उपचार करतो, असे त्यांना सांगण्यात आले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हे या रोगावरचे खात्रीचे औषध ठरल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी हे उघडकीस आणले तेव्हा अभ्यास चाळीस वर्षे चालू होता. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७ मध्ये राष्ट्राच्या वतीने माफी मागितली. सरकारने त्या माणसांना मुद्दाम रोग टोचला, असा एक समज पसरलेला आहे; तो चुकीचा आहे. खरी गोष्ट त्याहून कमी क्रूर आहे असे मात्र मला म्हणवत नाही.

या प्रकरणात आमच्या व्यवसायाला टोचणारा एक भाग आहे. त्या माणसांना गाडीत बसवून तपासणीला नेणारी, त्यांच्या घरी जाऊन ख्यालीखुशाली विचारणारी, ज्यांच्यावर त्यांचा विश्वास होता ती व्यक्ती युनिस रिव्हर्स नावाची कृष्णवर्णीय परिचारिकाच होती. त्या पूर्ण चाळीस वर्षे या कामात होत्या. वरिष्ठ डॉक्टरांच्या आज्ञेत वाढलेली ग्रामीण परिचारिका म्हणून त्यांची बाजू समजून घेणारे लोक आहेत, त्यांना दोष देणारेही आहेत. माझे मत विचाराल तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण यातून निघणारी एक गोष्ट वादातीत आहे : ओळखीचा चेहरा विश्वास मिळवतो, म्हणूनच त्या चेहऱ्याच्या मागे काय चालले आहे हे त्या परिचारिकेला स्वतःला पूर्ण ठाऊक असले पाहिजे आणि समोरच्याला सांगता आले पाहिजे. चांगल्या संघटनेच्या मेज-खुर्चीपाशी म्हणूनच कागद वाचून दाखवतात, माहिती कोणाला दिली जाईल ते सांगतात, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला पुन्हा पुन्हा गळ घालत नाहीत.

कोविडच्या वेळी याचा प्रत्यय आला. १४ डिसेंबर २०२० रोजी न्यू यॉर्कमध्ये, चाचण्यांबाहेर देशात सर्वांत आधी लस घेणाऱ्यांमध्ये असलेल्या सँड्रा लिंडसे या अतिदक्षता विभागातल्या कृष्णवर्णीय परिचारिकेने कॅमेऱ्यासमोर दंड पुढे केला. त्या क्षणाने सगळी शंका फिटली असे नाही. पुढचे कितीतरी महिने स्थानिक परिचारिकांनी चर्चच्या तळघरांत आणि दूरध्वनीवर एकेका माणसाचे प्रश्न ऐकून घेतले, आणि त्या कामाची छायाचित्रे नाहीत. आपल्या शेजाऱ्यांना पटवून देण्याच्या फंदात पडू नका. त्यांनी ‘टस्कीगी’ म्हटले तर आपल्याला ते प्रकरण ठाऊक आहे, एवढे त्यांना कळले तरी पुढचे बोलणे सोपे जाईल.

प्रश्न : माझ्या कार्यालयातल्या मैत्रिणीने मला एका सामूहिक ‘बेबी शॉवर’ला नेले. तो परिचारिकांच्या संघटनेने भरवला होता. डायपर आणि बाळाच्या कपड्यांबरोबर प्रत्येकीला बाळंतपणानंतरच्या धोक्यांची यादी दिली. आनंदाच्या प्रसंगी अशी अभद्र यादी का? (एक वाचक, मिशिगन)

उत्तर : आपल्याकडच्या डोहाळजेवणात कोणी अशी यादी वाटली तर घरातली वडीलधारी मंडळी काय म्हणतील याची मला कल्पना आहे. तरीही त्या परिचारिकांनी योग्य तेच केले.

अमेरिकेत २०२३ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय मातांचा मृत्यू झाला. श्वेतवर्णीय मातांमध्ये हेच प्रमाण १४.५ होते. याचे कारण केवळ गरिबी किंवा अशिक्षितपणा म्हणावे तर तेही जुळत नाही, कारण महाविद्यालयीन पदवी असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांतला मातामृत्यू शालान्त शिक्षणही पूर्ण न केलेल्या श्वेतवर्णीय स्त्रियांहून दीडपटीपेक्षा अधिक असल्याचे सरकारी आकडेवारीतच दिसून आले आहे. टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांना २०१७ मध्ये प्रसूतीनंतर धाप लागली. पूर्वी फुप्फुसात गुठळ्या झाल्याचा अनुभव असल्याने आपल्याला काय होते आहे हे त्यांना कळत होते, तरी स्कॅन करून घेण्यासाठी त्यांना आग्रह धरावा लागला, आणि स्कॅनमध्ये गुठळ्याच निघाल्या. जगभर नाव असलेल्या बाईला आग्रह धरावा लागतो, तर इतरांना धरावा लागेलच.

म्हणून ती यादी. थांबत नसलेली तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके किंवा अंधारी, छातीत दुखणे, धाप, एकाच पायाला सूज आणि दुखणे, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, १००.४ अंशांचा ताप, स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असे विचार. यांपैकी काही झाले तर लगेच मदत घ्यावी आणि समोर डॉक्टर असोत, परिचारिका असो किंवा रुग्णवाहिकेतला माणूस, आपण वर्षभरात बाळंत झालो आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगावे. गरोदरपणाशी निगडित मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक टाळता येण्याजोगे असतात, असे तपास समित्यांना आढळले आहे. डायपर महिन्याभरात संपतात. ती यादी फ्रिजवर चिकटवून ठेवण्यासाठी असते, आणि ती मैत्रिणीच्या यजमानांनीही वाचायला हवी.

प्रश्न : माझी मुलगी नर्सिंग शिकते आहे. तिला अशा संघटनेबरोबर काम करता येईल का? (एक आई, इलिनॉय)

उत्तर : मेळाव्यात स्वयंसेवक म्हणून नक्कीच. सभासदत्वाविषयी तिने स्थानिक शाखेलाच लिहून विचारावे. विद्यार्थ्यांसाठी वेगळा वर्ग आणि कमी वर्गणी असते. या संघटनांच्या शिष्यवृत्त्या आणि मार्गदर्शन योजना प्रामुख्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून असतात, आणि त्याला कारण आहे : देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय १३-१४ टक्के असले तरी नोंदणीकृत परिचारिकांमध्ये ते ६-७ टक्केच आहेत. तिला परवाना मिळेपर्यंत तिने परवानाधारक परिचारिकेच्या देखरेखीखालीच मोजणी करावी, आणि पाहिलेले आकडे किंवा माणसे यांविषयी बाहेर, समाजमाध्यमांवर तर मुळीच, काही बोलू नये. बाकी तिने खुर्च्या लावाव्यात, खुर्च्या आवराव्यात. त्यात जितके शिकायला मिळते तितके वर्गात मिळत नाही.

प्रश्न : आमच्या महाराष्ट्र मंडळाला अशा स्थानिक संघटनेबरोबर संयुक्त आरोग्य मेळावा घ्यायचा आहे. सभागृह आहे, निधी आहे, जेवणाची व्यवस्था आहे. सुरुवात कशी करावी? (एका मंडळाचे कार्यवाह)

उत्तर : आपल्या पत्रासोबत जोडलेला कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा मी वाचला. त्यात दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रायोजकांचा सत्कार आणि चार भाषणे आहेत. तपासणीला पाऊण तास उरतो. तो मसुदा तूर्त बाजूला ठेवावा, ही विनंती.

या शाखांची बहुधा दरमहा सभा असते. मंडळातल्या दोघांनी परवानगी घेऊन त्या सभेला जावे, आणि पहिल्या भेटीत काहीही प्रस्ताव न मांडता त्यांचे सध्या काय चालले आहे ते ऐकावे. त्यांचे वर्ष आधीच भरलेले असते : फेब्रुवारीत हृदयविकाराविषयीची जागृती आणि वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींच्या भेटी, एप्रिलमध्ये कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्याचा सप्ताह, उन्हाळ्यात राष्ट्रीय अधिवेशन, सप्टेंबरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, ऑक्टोबरात स्तनांचा कर्करोग. सिकलसेलच्या निमित्ताने त्या रक्तदान शिबिरेही घेतात, कारण ज्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते त्यांना मिळतेजुळते रक्त आपल्याच वंशाच्या दात्याकडून मिळण्याची शक्यता अधिक असते. या वेळापत्रकात आपले सभागृह कुठे उपयोगी पडेल हे त्यांनाच सांगू द्यावे. कदाचित त्या म्हणतील, की सभागृह नको, आमच्या चर्चपाशी वीस खुर्च्या आणि एक तंबू द्या. तसे म्हणाल्या तर तंबू द्यावा.

आपल्या समाजाला याची गरज नाही असे समजू नये. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार आणि मधुमेह तुलनेने लवकर गाठतात, तेव्हा त्या परिचारिकांकडून शिकण्यासारखे आपल्याकडे भरपूर आहे. पैशांबाबत एवढेच : करसवलत असलेल्या अशा संस्थांना कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, म्हणून मंडळाने आपल्या ओळखीच्या नगरसेवकाला निवडणुकीच्या तोंडावर मंचावर बसवून त्यांची पंचाईत करू नये.

आणि सभागृहाची तारीख ठरवण्यापूर्वी एक यादी तयार करावी. ज्यांचा रक्तदाब किंवा साखर वाढलेली निघेल त्यांना, त्यांची लेखी संमती घेऊन, दोन आठवड्यांनी फोन कोण करणार, डॉक्टर नसतील तर जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात त्यांना पाठवणार, आणि गाडी नसलेल्यांना तिथे कोण नेणार, अशी तिन्ही नावे त्यात असावीत. ही नावे मिळाली नाहीत तर मेळावा पुढे ढकलावा; त्या परिचारिका समजून घेतील. मला पाठवलेल्या मसुद्यात सत्कारासाठी नऊ जणांची नावे आहेत. त्यांतल्या तिघांना विचारून पाहावे.